साबण कारखान्यातली वाकडी रेघ

धाकटी बहीण पाहुण्यांना ओळख करून द्यायची ती अशी: "ही माझी ताई. साबणाच्या कारखान्यात असते. साबण करत नाही, विकत नाही. रेघ मारते." पाहुणे आधी धाकटीकडे बघायचे, मग ताईकडे, आणि ताई अशी काही मान डोलवायची, की समोरच्याला हसावं की उठून उभं राहावं तेच कळायचं नाही.

कारखान्यात तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणायचे आणि पाठीमागे रेघबाई. तिला दोन्ही माहीत होतं आणि दुसरं जास्त आवडायचं.

ही रेघ म्हणजे काय ते आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढची सगळी गंमत डोक्यावरून जाईल. मोठ्या कारखान्याला दरवर्षी एक अहवाल द्यावा लागतो. आमच्यामुळे पाण्याचं, हवेचं, माणसांचं काय होतं आणि त्या सगळ्यामुळे आमचं काय होतं, याचा. आता कारखाना म्हटला की बाबींना काही सुमार आहे का? सांडपाणी आहे, भट्टीचा धूर आहे, ट्रकवाल्यांची अपुरी झोप आहे, तेल कुठलं जंगल तोडून आलं ते आहे, आणि कॅन्टीनमधल्या कागदी पेल्यांचा वाद तर आहेच आहे. सगळंच अहवालात कोंबलं तर लोक वाचतच बसतील, काम कोण करणार? म्हणून प्रत्येक बाबीला गुण द्यायचे. बाहेरच्यांना त्रास किती, कारखान्याला धोका किती. मग एक रेघ मारायची. रेघेच्या वर गेलं ते महत्त्वाचं: त्यासाठी माणूस नेमायचा, खर्च मंजूर करायचा, कधीपर्यंत होईल ते जगाला सांगायचं. रेघेच्या खाली राहिलं ते 'नोंद घेतली' एवढ्यावर झोपायला मोकळं.

म्हणजे बघा, एका रेघेवर किती जणांचं काय काय अवलंबून. ही रेघ कुठे मारायची, हे ती ठरवायची.

आणि ती ठरवायची गुण बघायच्या आधी. हा तिचा बाणा. रेघ आधी, गुण नंतर. रेघ कितीवर आणि का, ते कारणांसकट लिहायचं, पाकीट चिकटवायचं, हिशेब खात्याच्या साहेबांच्या, म्हणजे हिशेबसाहेबांच्या, कपाटात ठेवायचं, आणि मगच लोकांची उत्तरं उघडायची. कारण गुण एकदा दिसले की हात घसरतो. तुमचा घसरतो, माझा घसरतो, देवमाणसाचासुद्धा घसरतो. एकदा विक्रीचे साहेब गोड चेहरा करून आले होते. त्यांची एक अडचणीची बाब रेघेच्या जेमतेम वर आली होती. म्हणाले, "मॅडम, रेघ केसभर वर घेतली तर कुणाचं काय जातंय?" तिने त्यांच्या तुळतुळीत डोक्याकडे जरा वेळ शांतपणे बघितलं आणि विचारलं, "कुणाचा केस धरायचा?" साहेब गेले ते परत त्या मजल्यावर आले नाहीत.

तर अशी ही बाई. नाकावर माशी बसू न देणारी, पन्नाशीला टेकलेली. लग्न राहून गेलेलं. त्यामागे काही मोठी कहाणी असेल असं समजू नका. लोक विचारत होते तेव्हा अभ्यास चालू होता, अभ्यास संपला तेव्हा धाकटीचं लग्न निघालं, आणि मग कुणी विचारलं नाही. धाकटी ताई राहायची त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची, लोकांचे कपडे शिवायची, आणि ताईच्या आयुष्यात लुडबुड करणं हा आपला जन्मसिद्ध हक्क समजायची.

मग त्या वर्षी तपासनीस आले.

अहवाल खरा आहे ना, रेघ नीट मारली आहे ना, हे बघायला दरवर्षी बाहेरच्या ऑफिसातून कुणीतरी यायचं. येणारा घड्याळाकडे बघत यायचा, पाकिटावरची तारीख तपासायचा, सही करायचा आणि जायचा. हे गृहस्थ मात्र त्या वर्षीची रेघ ठरायच्या आधीच आले आणि येऊन बसलेच. उंच, जरासे वाकलेले, कानावर पेन्सिल. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आणि हसू भलत्याच ठिकाणी यायचं. सांडपाण्याचा तक्ता वाचता वाचता माणूस गालातल्या गालात हसतोय, असं तिने तोवर पाहिलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मॅडम, रेघ सरळ का?"

"रेघ सरळच असते," ती म्हणाली.

"पट्टीने मारली तर."

तिच्या कपाळावर आठी आली. ती त्या दिवशी घरी जाऊन धाकटीला म्हणाली, "एक आगाऊ माणूस आलाय." धाकटीने शिवणाच्या मशीनचं चाक थांबवलं. ताई ऑफिसातल्या माणसाबद्दल घरी येऊन बोलली, हेच मुळात नवल होतं.

तपासनिसांच्या धंद्याचा एक नियम असतो. त्यांनी विचारायचं, सांगायचं नाही. सल्ला दिला की मग स्वतःच्याच सल्ल्याची तपासणी केल्यासारखं होतं. तेव्हा हे गृहस्थ सगळं प्रश्नांतून बोलायचे. "पॅकिंगमध्ये जाऊन उभं राहिलं तर काय दिसेल, असा एक प्रश्न मनात येतो." आता याला कोण नाही म्हणणार? दोघं पॅकिंगमध्ये गेली. तिथे साबणाच्या पुड्यांत सुगंधाची पूड मिसळायचे. बाहेरच्या रस्त्यावर तो वास इतका छान यायचा की लोक मुद्दाम त्या बाजूने फिरायला जायचे. आत मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या बायका खोकत होत्या. पॅकिंगची मुकादमबाई त्यांच्यातलीच. धडधाकट, ठसकेबाज बाई, पण एक वाक्य पूर्ण करायला तिला मध्ये थांबावं लागत होतं.

"सुट्टीला बरं वाटतं," ती म्हणाली. "कामावर आलं की परत छाती धरते. डॉक्टर म्हणतात, गेलेला दम परत यायचा नाही. आहे तेवढा सांभाळा."

वर आल्यावर तपासनिसांनी विचारलं, या बाबीला दरवर्षी किती गुण पडतात? तिने काढून दाखवलं. अगदी थोडे. का? तर प्रश्न सगळ्यांनाच विचारला जायचा: दुकानदारांना, गिऱ्हाइकांना, मागच्या वस्तीतल्या लोकांना. त्या हजारोंनी लिहिलं, त्रास नाही. खरंच लिहिलं होतं, त्यांना नव्हताच. त्या सगळ्यांची सरासरी काढली की पॅकिंगमधला खोकला त्यात बुडून जायचा. आणि कारखान्याला धोका? चार बायका खोकल्या म्हणून साबण खपायचा थांबतो होय?

"एखाद्याचं नुकसान इतकं असेल की ते कधीच भरून येणार नाही," तपासनीस म्हणाले, "तर ती बाब किती जणांची आहे, कारखान्याला तिचा धोका किती आहे, हे बघायचं का? की तिथे रेघेने जरा वाकून त्या बाबीला वर घ्यायचं? असा एक प्रश्न मनात येतो."

"आज इथे वाकवली की उद्या सगळे आपापल्या बाबीसाठी वाकवायला येतील."

"म्हणून वाक गुण बघायच्या आधीच ठरवायचा का?"

तिची बोलती बंद झाली. आणि गंमत अशी, की बोलती बंद झाल्याचा तिला आनंद झाला. इतक्या वर्षांत तिच्याशी रेघेवरून भांडायला कुणी आलंच नव्हतं. लोक यायचे ते रेघ ढकलायला. रेघ अशी का, एवढं साधं कुणी विचारलं नव्हतं.

मग पुढे दोघांचं रोज वाजायचं. किती नुकसान म्हणजे कधीच न भरून येणारं? एका माणसाचं झालं तर चालेल का? वाक कुठून सुरू करायचा? ती तावातावाने बोलायची, ते प्रश्न विचारायचे, चहा गार व्हायचा. चहा चालायचा बरं का. तपासनिसाने चहा घेतलेला चालतो, जेवण चालत नाही, हा नियम तिनेच लिहिला होता. एकदा ते पेन्सिल विसरून गेले तर तिने ती कुरियरने पाठवली आणि पोच मागवली. कारखान्याची वस्तू तपासनिसाकडे गेली, किंवा तपासनिसाची कारखान्यात राहिली, असं कुणी म्हणायला नको.

पण काही केल्या नियमांत बसेना, असं काहीतरी तिला व्हायला लागलं होतं. ती लिफ्टसमोर उभी राहायची आणि लिफ्ट येईपर्यंत धीर न निघून जिन्याने पळत सुटायची. या वयात. गुडघे तिचे, पण तक्रार करायचं विसरले होते. कॅन्टीनवाल्याला तिने 'आज चहा मस्त झालाय' असं सांगितलं, आणि तो बिचारा दिवसभर काय चुकलं याचा विचार करत बसला. घरी काकडी चिरताना हसायची. धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची.

"ताई, काकडी काही बोलली का?"

"सरासरीचा विचार करतेय."

"असं होय," धाकटी म्हणाली. "मला वाटलं, माणसाचा करतेयस."

वाक दिलेली रेघ तिने शेवटी लिहून काढली, कारणांसकट. पाकीट चिकटवलं आणि कपाटात गेलं. त्या दिवशी ती अक्षरशः हवेत होती. रेघ इतकी चांगली कधी जमलीच नव्हती, असं तिला वाटलं, आणि आपण ती कधी एकदा तपासनिसांना दाखवतो असं झालं.

मग काय झालं, तर तिचा वर्ग आला. दरवर्षी ती नव्या लोकांना एक तासभर शिकवायची, की कामात आपलं खाजगी काही गुंतलं असेल तर ते कधी सांगून टाकायचं. मामाच्या दुकानातून माल घेताय, मेव्हणीला नोकरी देताय, असल्या गोष्टी. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "मॅडम, प्रत्येक बारीकसारीक गोष्ट सांगायची का?"

"नाही," ती नेहमीच्या ठसक्यात म्हणाली. "त्यालाही एक रेघ आहे. स्वतःला एकच विचारायचं. ही गोष्ट नसती, तर मी वेगळा निर्णय घेतला असता का? 'नाही' असं छातीठोकपणे म्हणता आलं तर ती रेघेच्या खाली. म्हणता आलं नाही तर..."

आणि ती थांबली. खडू हातात, तोंड अर्धवट उघडं. वर्गाला वाटलं, बाईंना चक्कर येतेय. एकाने खुर्ची पुढे केली. ती खुर्चीत बसली आणि तिने त्या खोलीभर लोकांसमोर, कुणाला काही कळणार नाही अशा आवाजात, स्वतःला तो प्रश्न विचारला. वाक मला पटला म्हणून दिला? की ते खूश होतील म्हणून? छातीठोकपणे काहीच म्हणता येईना. तिला तो माणूस आवडत होता. फार आवडत होता. हे असं बघायला गेलं तर भलतंच आनंदाचं होतं, आणि पाकीट तर कपाटात जाऊन बसलं होतं.

घरी येऊन ती तडक वरच्या मजल्यावर गेली. धाकटीच्या तोंडात टाचण्या होत्या.

"मला गुण द्यायला मदत कर," ताई म्हणाली.

"कशाला?"

तिने सांगितलं. धाकटीने एकेक करून सगळ्या टाचण्या तोंडातून काढल्या, डबीत ठेवल्या, डबीला झाकण लावलं, आणि मग पोट धरधरून हसली. हसून झाल्यावर मांडी ठोकून बसली. "विचार."

"गांभीर्य किती? पाचपैकी."

"तू काल मिठाच्या बरणीत साखर ओतलीस. पाच."

"व्याप्ती? म्हणजे किती ठिकाणी परिणाम दिसतो."

"स्वयंपाकघर, जिना, न्हाणीघर. न्हाणीघरात तू गातेस, खालच्यांनी मला विचारलं. पाच."

"भरून येण्यासारखं आहे का?" हे विचारताना ताईचा आवाज जरा खाली गेला. "म्हणजे, ते उद्या सही करून निघून गेले, तर काही दिवसांनी सगळं होतं तसं होईल का?"

धाकटी या वेळी हसली नाही. तिने बहिणीकडे बघितलं आणि म्हणाली, "नाही गं. आता नाही व्हायचं."

झालं. सांगायलाच हवं होतं. पण सांगायचं म्हणजे काय काय जाणार होतं, तेही तिला लख्ख दिसत होतं. रेघेचं काम तिच्या हातातून जाणार. वाक दिलेली रेघ बाईने कुणासाठी तरी वाकवली, असं म्हणून ती खोडली जाऊ शकणार, आणि त्याबरोबर पॅकिंगमधल्या बायका पुन्हा रेघेच्या खाली. आणि त्या माणसाच्या मनात काहीच नसलं तर? तर कारखान्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जाईल असा किस्सा होऊन बसणार. गप्प राहिलं तर यातलं काहीच होणार नव्हतं. फक्त ती स्वतःची राहिली नसती.

दुसऱ्या दिवशी ती हिशेबसाहेबांच्या खोलीत जाऊन उभी राहिली. हिशेबसाहेब सज्जन, भिडस्त माणूस. कुणी मोठ्याने शिंकलं तरी दचकायचे.

"मला एक जाहीर करायचंय," ती म्हणाली. "रेघेला जो वाक दिलाय, तो मला पटला म्हणून दिला की तपासनिसांना बरं वाटावं म्हणून, ते मला छातीठोकपणे सांगता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मला ते आवडतात."

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला, तो रिकामा होता, तरी प्यायले. मग हिशेबाचा माणूस असल्यामुळे त्यांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "किती?"

"रेघेच्या वर."

साहेबांनी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण त्यांनी ते दाबलं. "तुम्हाला या वर्षीच्या रेघेवरून बाजूला करावं लागेल," ते म्हणाले. "आणि ते... तपासनीस. तेही या कामावरून गेले. सकाळीच त्यांच्या ऑफिसातून फोन आला."

"का?"

"ते मला सांगता येत नाही."

तिला वाटलं, साहेबांना आपली कीव आली. माणूस न बोलता निघून गेलाय, आणि हे बिचारे सांगू कसं म्हणून गप्प बसलेत. ती म्हणाली, "बरं." आणि खोलीतून बाहेर पडली. त्या दिवशी तिने लिफ्ट येईपर्यंत वाट बघितली.

दुसऱ्या तपासनीस आल्या. जाड भिंगाच्या चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी पाकीट फोडलं, वाक बघितला, आणि सगळी कारणं पहिल्यापासून तपासायला घेतली, रेघबाईला न भेटता. नियमच तसा. रेघबाईला तोवर कॅन्टीनमधल्या पेल्यांचा वाद सोडवायला बसवलं. कागदी की स्टीलचे, यावर दोन्ही बाजूंची माणसं इतकी इरेला पेटली होती की तिला जरा बरं वाटलं. दुःख करायलासुद्धा निवांतपणा लागतो, आणि तो तिथे नव्हता.

एकदा मुकादमबाईने तिला जिन्यात गाठलं. बातमी तोवर भट्टीपर्यंत पोचली होती, लपवण्यात अर्थ नव्हता.

"तुम्ही गप्प बसला असतात तर आमचं काम झालं असतं?"

"बहुतेक झालं असतं."

"मग बोललात कशाला?"

"नंतर कुणी उकरून काढलं असतं तर रेघही गेली असती आणि तिच्याबरोबर तुम्हीही."

मुकादमबाईने दम घेतला. "आणि माणूस? तो तरी मिळाला का?"

"तो गेला."

"म्हणजे दोन्हीकडून बोंब," मुकादमबाई म्हणाली. मग तिने रेघबाईचा दंड धरून तिला पायरीवर बसवलं आणि स्वतःही शेजारी बसली.

जाड भिंगाच्या बाईंचा निकाल आला तेव्हा हिशेबसाहेब स्वतः कॅन्टीनमध्ये आले. स्टीलच्या पेल्यांची बाजू टेबलावर मुठी आपटत होती, त्यांच्यातून वाट काढत आले. "वाक राहतोय," ते म्हणाले. "शब्द न् शब्द तसाच. उलट त्यांनी विचारलंय, हा इतकी वर्षं का नव्हता? पॅकिंगमध्ये पूड ओढून घेणारं यंत्र बसेल. खर्च मंजूर झाला, सहीसुद्धा झाली."

तिने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ते ओले होते आणि ती हसत होती. कागदी पेल्यांच्या बाजूने कशासाठी ते न कळता टाळ्या वाजवल्या.

हिशेबसाहेब मात्र खुर्ची ओढून बसले. त्यांच्या डोक्यात हिशेब चालला होता. "मॅडम, एक लक्षात आलं का? दुसऱ्या माणसाने तपासलं तरी उत्तर तेच आलं. म्हणजे तुमच्या त्या... गोष्टीमुळे निर्णयात काही फरक पडला नव्हता. तुमच्याच व्याख्येने ती रेघेच्या खाली जाते. तुम्हाला जाहीर करायची गरजच नव्हती."

आता बाईंना आला राग. इतके दिवस खाली मान घालून पेले मोजले, आणि वर हे ऐकायचं? "रेघेच्या खाली?" ती म्हणाली. "साहेब, तुम्ही तुमच्या जमाखर्चाचं बघा. माझी गोष्ट कुठे जाते ते मी बघेन."

साहेब यावर रागावतील, तर ते चक्क हसले. "बघा, बघा. खाली दरवाजाशी कुणीतरी बसलंय तुमच्यासाठी. सही झाल्याचा फोन मी त्यांच्या ऑफिसात केला, तेव्हापासून बसलेत."

पाहुण्यांच्या बाकावर तपासनीस बसले होते. गुडघ्यांवर हात, कानावर पेन्सिल नाही. तिला बघून उभे राहिले, मग उभं राहून काय करायचं ते न सुचून पुन्हा बसले. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"न सांगता गेलात," ती म्हणाली.

"सांगता येत नव्हतं. काम चालू होतं. तुम्हाला भेटलो असतो तर सगळंच रद्द झालं असतं." आज ते प्रश्न विचारत नव्हते. तिला ते लगेच जाणवलं. "मीच सांगून टाकलं आमच्या ऑफिसात. मला या कामावरून काढा म्हटलं."

"काय कारण सांगितलंत?"

"जे होतं ते."

तिला हळूहळू उजेड पडायला लागला. म्हणजे त्या दिवशी सकाळी आलेला फोन. साहेबांच्या ओठांचा कोपरा. तो पिऊन टाकलेला रिकामा पेला. म्हणजे यांनी यांच्या ऑफिसात सांगितलं होतं, तिने तिच्या ऑफिसात, आणि दोन्हीकडच्या साहेबलोकांना सगळं कळलं होतं. राहिली होती ती फक्त ही दोघं. तिला इतकं हसू आलं की दारावरच्या रखवालदाराने वळून बघितलं.

"पण तुमचं रेघेच्या वर आहे हे तुम्हाला कसं कळलं?" हसू आवरून तिने विचारलं. कामाचा प्रश्न होता, तो सोडून कसं चालेल.

त्यांचे कान लाल झाले. "तुमच्या तक्त्यात मला एक चूक सापडली होती."

"चूक?" ती ताठ बसली. "माझी? कुठे?"

"मागच्या वर्षीच्या. ट्रकवाल्यांची उत्तरं तुम्ही दोनदा धरलीत. त्याने काही बिघडत नाही, निकाल तोच राहतो. पण चूक आहे. मी लिहायला पेन्सिल काढली. मग तुम्ही ते वाचताना कशा दिसाल ते डोळ्यांसमोर आलं." ते थांबले. "आणि मी पेन्सिल खाली ठेवली. मॅडम, मी कुणाची चूक सोडत नाही. मेव्हण्याच्या दुकानाची सोडली नाही, तो अजून माझ्याशी बोलत नाही. तुमची सोडली. मग बसल्या जागी कळलं, की आपण आता या कामाचे राहिलो नाही."

आयुष्यभर लोकांनी तिच्या कामात चुका शोधल्या होत्या. आनंदाने शोधल्या होत्या, आणि सापडल्या नाहीत म्हणून हिरमुसले होते. सापडलेली चूक तिच्यासाठी कुणी मुठीत झाकून धरली नव्हती. मनात ट्रकवाल्यांची गोळाबेरीजही चालू होती, आणि माणूस बरोबर सांगत होता. दोनदा धरली होती.

ती उठली. "इथेच बसा. हलू नका. ही चूक मला आत्ता सांगून यायला हवी."

"आत्ता?"

"मग काय उद्या? बसा म्हटलं ना."

तीन मजले चढून ती हिशेबसाहेबांच्या खोलीत शिरली तेव्हा तिला धाप लागली होती. "साहेब, मागच्या वर्षीच्या तक्त्यात चूक आहे. माझी. ट्रकवाल्यांची उत्तरं दोनदा धरली गेलीत. निकाल बदलत नाही, पण दुरुस्ती जाहीर करायची."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. तिची चूक ही त्या इमारतीत आजवर न ऐकलेली गोष्ट होती. "बरं. कुणी काढली म्हणून सांगू?"

रेघबाईने दम घेतला.

"आमच्या घरच्यांनी," ती म्हणाली.

खाली बाकावर बसलेल्या माणसाला हे अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.